नवरदेवाचा तांबेरा

१७ जानेवारी

खताच्या कंपन्यांच्या फुकट डायऱ्या आमच्या घरी किराण्याच्या याद्यांसाठी वापरतात. ही एक मात्र मी आज माझ्यासाठी काढून घेतली. एकतीस वर्षं केंद्राच्या नोंदवहीत लिहीत आले, स्वतःच्या वहीची कधी गरज पडली नव्हती. आज पडली, कारण आज मला नोंदवहीत लिहू दिलं नाही.

उद्या कुणी विचारलंच तर गोंधळ नको, म्हणून सगळं पहिल्यापासून लिहिते. माझं काम म्हणजे गहू संशोधन केंद्रात तांबेरा मोजणं. गव्हाच्या पानावर नारिंगी पुटकुळ्या येतात, त्या फुटल्या की विटेच्या भुकटीसारखी पूड निघते, वाऱ्यावर उडते आणि पुढच्या पानाला धरते. शंभरातलं किती पान धरलं ते नुसत्या नजरेने सांगायचं आणि लिहायचं. पाच टक्के, दहा टक्के, चाळीस टक्के. म्हणून सगळं केंद्र मला टक्केवाली म्हणतं. नव्या माणसाला वाटतं, ही बाई लाच खाते.

यंदा केंद्रात एका नव्या वाणाचं कौतुक चालू आहे. तांबेरा त्याला शिवतच नाही असं सगळीकडे छापून आलंय. त्याला पाणी वेळेवर, त्याची फोटोग्राफरसमोर मिरवणूक, पाहुणे आले की आधी त्याचं दर्शन. म्हणून आम्ही मजूर बायका त्याला नवरदेव म्हणतो. फेब्रुवारीच्या चोवीस तारखेला समितीची बैठक आहे. त्यांनी मान हलवली की पुढच्या हंगामात सगळ्या मुलखात हाच पेरला जाईल.

आज सकाळी नवरदेवाच्या तोंडावर पुटकुळ्या दिसल्या.

चार वाफ्यांपैकी तिनांत. मी पांढरा रुमाल पानावर दाबला, रुमालावर नारिंगी रेघ उठली. पाच टक्के. थेट साहेबांकडे गेले. साहेब गहू विभागाचे प्रमुख, नवरदेवाचे जन्मदाते. अकरा वर्षं घातलीत त्यांनी यात. माणूस फार मोठ्या मनाचा. मला बसवलं, स्वतःच्या हाताने चहा ओतला. म्हणाले, "बाई, शेजारच्या वाफ्यातली पूड उडून नुसती बसली असेल. धुऊन जाईल. आज शून्य धरू."

मी म्हटलं, "साहेब, बसलेली पूड पुसली जाते. ही आतून फुटून आलीय."

"तुमचा अनुभव मोठा आहे, मान्य. पण घाई नको." आणि वही स्वतःकडे ओढून त्यांनीच शून्य लिहिलं, माझ्या रकान्यात.

चहा चांगला होता. तरी ते शून्य दिवसभर खड्यासारखं दाताखाली येतंय. म्हणून इथे लिहिते : नवा वाण, १७ जानेवारी, पाच टक्के.

२० जानेवारी

साहेबांनी आज पुन्हा बोलावलं. किती आपुलकीने विचारपूस केली! "सत्तावन्न म्हणजे काही वय नाही, पण डोळ्यांवर ताण येतोच. एकदा तपासून घ्या. हवी तेवढी रजा घ्या." रजेचा अर्ज टाईप करून तयारच होता, मी फक्त सही करायची होती. कोण करतं एवढं आपल्या हाताखालच्या माणसासाठी?

सही केली नाही. घरचाच चष्मेवाला असताना रजा कशाला?

संध्याकाळी ह्यांच्या दुकानात गेले. ह्यांनी शटर अर्धं ओढलं, मला खुर्चीत बसवलं, जड लोखंडी चौकट नाकावर ठेवली आणि अक्षरांच्या तक्त्यापासून सुरुवात केली. शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. त्याखाली छापखान्याचं नाव असतं बारीक, तेही वाचलं.

हे म्हणाले, "चष्म्यासकट तुझी नजर माझ्यापेक्षा चांगली आहे. तपासायला कुणी सांगितलं?"

"साहेबांनी. काळजी वाटली त्यांना."

हे काच पुसायला लागले. मग म्हणाले, "कोणाच्या डोळ्यांची?"

ह्यांना प्रत्येकाविषयी शंका. तरी तपासणीचा कागद सही-शिक्क्यासकट हातात दिला. जपून ठेव म्हणाले.

२३ जानेवारी

दहा टक्के. चारही वाफ्यांत. आता पूड उडून बसली म्हणायला जागा नाही. साहेब दौऱ्यावर आहेत. शेवटी नाइलाजाने कांजीकडे गेले.

कांजी म्हणजे रोगशास्त्राच्या नव्या मॅडम. वय असेल पस्तीस. पदराला, बोलण्याला, मानेला सगळीकडे कांजी घातलेली. दोन वर्षांत एकदा हसल्याचं कुणी पाहिलं नाही. मी पानं पुढे केली, म्हटलं, नवरदेव आजारी आहे. हिने पानं भिंगाखाली धरली, ना हं ना हूं. मग ड्रॉवरमधून कागदी पाकिटं काढली. "प्लॅस्टिकमध्ये आणू नका, बुरा येतो. प्रत्येक वाफ्याचं वेगळं पाकीट. तोंड चिकटवा आणि त्याच्यावर तुमची सही, तारीख, वेळ."

"मॅडम, सही तुमची पाहिजे ना?"

"तुमची."

बस एवढंच. बसा म्हणाली नाही. मी चार पाकिटं भरून सह्या केल्या, तिने ती शीतपेटीत टाकली आणि किल्ली पर्समध्ये घातली. इथे गव्हाला आग लागलीय आणि हिला पाकिटाच्या तोंडाची पडलीय. माझी खात्री आहे, ती पाकिटं तिथेच कुजणार.

२७ जानेवारी

माझी बढती झाली. भांडारप्रमुख! साहेबांनी सगळ्यांसमोर जाहीर केलं, टाळ्या झाल्या, मला शालीच्या घडीसारखं जपून खुर्चीत बसवलं. "एकतीस वर्षं उन्हातान्हात राबल्या, शेवटचं वर्ष सावलीत काढू दे." ऐकून माझे डोळे भरून आले, खोटं का लिहू.

घरी येताना बसमध्ये लक्षात आलं की भांडाराला खिडकीच नाही आणि नवरदेव आता मला दिसणार नाही.

मोजणी कोण करणार विचारलं तर म्हणाले, "मी स्वतः बघतो."

३० जानेवारी

कांजी भांडारात आली. बारा ट्रे, शंभर कुंड्या आणि नवरदेवाचं अर्धा किलो बी पाहिजे म्हणे. मी मागणीचा कागद पुढे केला. 'कशासाठी' या रकान्यात तिने लिहिलं : पेरण्यासाठी. मी म्हटलं, "ते कळलं, पण का?" तर म्हणते, "रकाना भरला आहे." सही करून गेली. काचघराची एक खोली तिने कुलूप लावून स्वतःकडे घेतलीय, असं माळीणबाई सांगत होती. मोठ्या लोकांचे चोचले.

भांडार आठला उघडतं. मी आता सव्वासहाला केंद्रात येते. साडेसहा ते साडेसात नवरदेव. कुणाला सांगायचं कारण नाही. नोकरी आठला सुरू होते, त्याआधी मी माझी मालक.

वीस टक्के. चार पाकिटं भरली, तोंडावर सह्या केल्या, कांजीच्या टेबलावर ठेवली.

४ फेब्रुवारी

तीस. शेंड्याच्या पानापर्यंत चढला. आणखी चार पाकिटं कांजीच्या टेबलावर ठेवली. ते पान गेलं की दाणा भरत नाही. लहानपणी एका साली वडिलांच्या शेतात हेच झालं होतं. मळणीला उभी राहिलेली माणसं डोक्यापासून पायापर्यंत नारिंगी, आणि रास पाहावी तर दाणा जिऱ्याएवढा. वडील मुठीत घेऊन नुसते बघत उभे राहिले होते. त्यांच्या त्या वर्षीच्या शांतपणाची मला अजून भीती वाटते.

साहेबांनी आज मला वाफ्यातून बाहेर पडताना पाहिलं. हात केला. मीही केला.

६ फेब्रुवारी

लिहिलेलं पहिलं पान फाडून टाकलं. रागाने.

आज सकाळी वाफ्यांशी गेले तर नवरदेव ओला. दव नव्हतं. पानांवर पांढरट ठिपके, वास ओळखीचा. बुरशीनाशक! तांबेरा किती येतो हे पाहण्यासाठी जो वाफा ठेवलाय, त्यावरच औषध मारलं. शेजारी मुद्दाम रोगट वाण लावायचा, पूड उडवायची, आणि मग औषध मारून म्हणायचं पाहा, याला काही होत नाही! खालची रोगट पानंसुद्धा खुडून नेली आहेत. नवरदेवाची दाढी केली, तोंडाला पावडर लावली.

भांडारात जाऊन नोंद पाहिली. औषधाचे दोन डबे काल संध्याकाळी गेलेत. माझ्या भांडारातून. सही साहेबांची.

म्हणजे चहा, रजा, बढती, टाळ्या... ह्यांना काचा पुसता पुसता जे दिसलं, ते मला एकतीस वर्षं मोजणाऱ्या बाईला दिसलं नाही. मी ती खुर्ची आज भांडाराच्या दाराबाहेर काढून ठेवली. उभीच राहिले दिवसभर.

माझी मोजणी संपली असं कुणाला वाटत असेल तर वाटू दे.

८ फेब्रुवारी

रविवार. धाकट्याकडे गेले. माझा धाकटा भाऊ बियाण्यासाठी गहू पिकवतो, आणि यंदा त्याच्या सगळ्या शेतात केंद्राने आगाऊ दिलेला नवरदेव आहे. मीच त्याला सांगितलं होतं, चांगला वाण आहे, घे. हे लिहायचं मी आजवर टाळत होते.

जाताना अंगावरचं सगळं धुतलेलं घातलं, चपलासुद्धा दुसऱ्या. शेताच्या कडेला उभी राहिले आणि पाऊल टाकायच्या आधीच कळलं. वीस टक्के तरी होता.

"अरे, हे कधीपासून?"

"काय?"

"डोळे आहेत ना तुला?"

धाकटा पानाकडे बघेना, माझ्याकडेच बघत राहिला. "ताई, तू काही बोलायचं नाहीस. बैठक होऊ दे. वाण पास झाला की माझं बी उचललं जाईल."

"आणि ते लोकांनी पेरल्यावर?"

"लोकांचं लोक बघतील! तूच म्हणालीस घे. आणि आता तूच माझ्या शेताला नाव ठेवणार? तुझ्याच अंगावरून आला असेल हा तांबेरा. रोज त्यात लोळतेस आणि इथे येतेस."

वहिनी पाण्याचा तांब्या घेऊन मध्येच थबकली. मी पाणी न पिताच निघाले.

त्याचं बोलणं मनातून जाईना. ही पूड शेकडो मैल वाऱ्यावर जाते, मला ठाऊक आहे. पण डिसेंबरात मी केंद्रातून थेट त्याच्याकडे गेले होते, त्याच स्वेटरमध्ये. तेव्हा आमच्याकडे एकही पुटकुळी दिसत नव्हती. दिसत नव्हती म्हणजे नव्हतीच का? माहीत नाही. हे कधीच कळणार नाही, आणि न कळता जगावं लागणार.

पण माझ्यामुळे आला असला तरी तो आहेच. आणि आहे ते आहे म्हणण्याचंच मी आजवर खाल्लं.

१४ फेब्रुवारी

हे म्हणाले, "वर्षभराचा प्रश्न आहे. गप्प राहिलीस तरी कुणी तुला बोल लावणार नाही."

मी म्हटलं, "तुमच्याकडे गिऱ्हाईक आलं, त्याला दिसत नाहीये, आणि तो म्हणाला मला सगळं दिसतंय असा कागद द्या. द्याल?"

"गाडी चालवणारा असेल तर मुळीच नाही."

"मग?"

हे हसले. "मी फक्त विचारून पाहत होतो, तू डगमगतेस का."

२० फेब्रुवारी

बैठकीसाठी खुर्च्या, टेबलक्लॉथ, पाण्याचे ग्लास पुरवायची जबाबदारी भांडारप्रमुखांची, असं परिपत्रक आलं. छान. म्हणजे मला आत यायला कुणाची परवानगी नको.

२४ फेब्रुवारी

आधी शेतफेरी झाली. नवरदेव असा हिरवागार, की क्षणभर मलाच वाटलं आपण स्वप्नात मोजलं की काय. समितीची सात माणसं माना डोलवत सभागृहात आली. साहेबांनी पडद्यावर रकाने दाखवले. शून्य, शून्य, शून्य. मी भिंतीशी दोन घडीच्या खुर्च्या धरून उभी.

अध्यक्ष वयस्कर गृहस्थ. कांजीने त्यांच्यापुढे पाण्याचा ग्लास सरकवला, खाली कागदी घडी ठेवून, टेबलाला डाग पडू नये म्हणून असेल. त्यांनी ग्लास उचलला, घडी उलगडली आणि चष्मा वर करून विचारलं, "ही मोजणी कुणी केली?"

साहेब म्हणाले, "आमच्या एक ज्येष्ठ सहायक आहेत. सध्या भांडार बघतात."

"त्या इथे आहेत का?" आणि नेमके माझ्याकडेच पाहायला लागले. इतक्या माणसांत त्यांना मीच कशी सापडले, देव जाणे. नशीब म्हणायचं.

खुर्च्या खाली ठेवल्या. मोठा आवाज झाला.

"हे शून्य तुमचं?"

"नाही. माझं पाच, मग दहा, मग वीस, मग तीस. त्यानंतर औषध मारलं. दोन डबे, पाच फेब्रुवारी, भांडाराच्या वहीत सही आहे."

सभागृहात खोकल्याची साथ आली. साहेब शांतपणे म्हणाले, "बाईंविषयी मला आदर आहे. पण त्यांच्या डोळ्यांची तक्रार आहे. मीच त्यांना तपासायला सांगितलं होतं."

ह्यांचा कागद पर्समध्ये होता. पण पर्स भांडारात! मग म्हटलं, कागद कशाला. सभागृहाच्या दुसऱ्या टोकाला आग विझवायचं लाल नळकांडं टांगलंय. मी इथूनच वाचून दाखवलं : "भरल्याची तारीख, अमुक. मुदत, अमुक. साहेब, ती संपून दोन वर्षं झाली."

एकजण उठून पाहून आला. "बरोबर आहे," म्हणाला आणि खुर्ची बदलून दाराजवळ बसला.

अध्यक्ष म्हणाले, "नजर मान्य. पण वाफे आता स्वच्छ आहेत. पुरावा काय?"

माझ्याकडे ही डायरी होती. एका बाईच्या हस्ताक्षरातले चार आकडे. तेवढ्यात कांजीने दार उघडलं आणि काचघरातली माळीणबाई ट्रे घेऊन आत आली. एक, दोन, बारा. काहींत जुना रोगट वाण, काहींत नवरदेव. बोटभर उंचीची रोपं, आणि दोन्ही सारखीच नारिंगी. वेगळी ओळखायला चिठ्ठी वाचावी लागत होती.

"बाईंच्या पाकिटांतली पूड," कांजी म्हणाली. "पंधरा दिवसांपूर्वी रोपांवर टाकली. पाकिटं बारा. प्रत्येकाच्या तोंडावर त्यांची सही, तारीख, वेळ. फोडताना दोन साक्षीदार होते."

अध्यक्षांनी पानावर अंगठा दाबला आणि समोरच्या छापील अहवालावर टेकवला. मुखपृष्ठावर नारिंगी ठसा. 

वाण थांबवला. एक वर्ष, तीन ठिकाणी, दुसऱ्या केंद्रांच्या माणसांकडून पुन्हा मोजणी.

बाहेर पडताना कांजीला म्हटलं, "मॅडम, तुम्ही मला आधी सांगायचं ना!"

"सांगितलं असतं तर तुम्ही माझ्यासाठी मोजलं असतं," ती म्हणाली. "आणि पाकिटांना गोंद कमी लावा. फोडायला त्रास होतो."

काय बाई आहे! चार गोड शब्द बोलली असती तर हिची कांजी उतरली असती का?

२८ फेब्रुवारी

साहेब आहेत तिथेच आहेत. जिन्यात भेटले, बाजूने निघून गेले. अकरा वर्षं त्यांनी त्या वाणाला लेकरासारखं वाढवलं. वाईट वाटलं. पण लेकरू आजारी असताना पावडर लावून बोहल्यावर उभं करत नाहीत.

धाकट्याला तीनदा फोन केला. उचलत नाही.

३ मार्च

कारणे दाखवा नोटीस मिळाली. 'वरिष्ठांच्या परवानगीशिवाय, नेमून दिलेलं काम सोडून, आपण तांबेऱ्याची मोजणी का केली व त्याची नोंद का ठेवली, याची कारणे सात दिवसांत दाखवावीत. अन्यथा निवृत्तीच्या कागदांवर तसा शेरा मारण्यात येईल.'

एकतीस वर्षं मोजलं नाही तर नोटीस येईल म्हणून धाक होता. मोजलं म्हणून पहिल्यांदाच आली.

५ मार्च

संध्याकाळी दुकानात गेले तर धाकटा बसलेला. तपासणीच्या खुर्चीत, पायाशी बघत. हे आत निघून गेले.

धाकट्याने खिशातून कागदी पाकीट काढलं. आत गव्हाचं एकच पान. "मोज," म्हणाला.

मी उजेडाकडे धरलं. त्याच्यासमोर कमी सांगावंसं वाटलं, एकदाच, आपल्या भावासाठी. पण जीभ वळेना.

"साठ."

त्याने डोळे मिटले. "मी तीन आठवडे स्वतःला तीसच सांगत होतो." मग म्हणाला, "बियाण्यासाठी विकत नाही मी तो. मळतो आणि जनावरांना घालतो. ताई, पुढच्या वर्षी काय पेरू?"

"एकच काही पेरू नकोस. तीन-चार वाण पेर. एक बसला तरी बाकीचे उभे राहतील."

"मोजायला येशील ना?"

"येईन. स्वेटर मात्र तुझ्याकडेच ठेवते एक."

तो हसला, रडल्यासारखा. पान मी पुन्हा पाकिटात घालून पर्समध्ये ठेवलं.

७ मार्च

नोटिशीचं उत्तर चार वेळा लिहिलं. पहिलं दोन पानी, त्यात माझी एकतीस वर्षं. ह्यांनी वाचून म्हटलं, अर्जासारखं वाटतंय. दुसऱ्यात नियम घातले, तिसऱ्यात माफी डोकावली, ते मीच फाडलं.

चौथं घेऊन सकाळी आवक खिडकीशी गेले. कारकुनाने उघडून वाचलं, कागद उलटून मागची बाजू पाहिली.

"बाई, एवढंच?"

"एवढंच."

त्याने पुन्हा मोठ्याने वाचलं : "'मोजणी का केली, याचे कारण : तांबेरा होता.' अहो, पण सोबत काही जोडलंय का? जोडलं असेल तर खाली लिहावं लागतं."

मी पेन घेतलं आणि सहीखाली लिहिलं, 'सोबत : पान एक'. आणि धाकट्याचं पाकीट त्याच्यापुढे उघडलं.

त्याने ते गव्हाचं पान उचललं, अलीकडून पलीकडून पाहिलं, टाचणी लावली, शिक्का मारला. मारताना त्याचं नारिंगी बोट कागदावर उमटलं, बरोबर माझ्या नावावर. तो ओशाळून "अरे अरे" करत रुमालाने पुसायला गेला.

मी म्हटलं, "राहू द्या."